भोवरा मागाहून आला

हनुक्का हा ज्यूंचा तेलाचा सण. जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस जळलं अशी कथा आहे. तिच्या आठवणीत आठ संध्याकाळी रोज एक दिवा वाढवत न्यायचा, तेलात तळलेलं खायचं आणि दिवे जळत असेपर्यंत मुलांनी चार बाजूंचा भोवरा फिरवत बसायचं. ज्यू मुलांचा लाडका सण कोणता असं आज कोणालाही विचारलं तरी बहुधा याचंच नाव येईल. आणि अलिबाग-पेणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखलेल्या ज्यूंना नेमका हाच सण एकोणिसाव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हता.

असं का झालं असावं, याचं एक उत्तर त्याच समाजातले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी दिलं आहे. मक्काबी या ज्यू बंडखोरांनी जेरुसलेमचं मंदिर परत मिळवलं, ज्या विजयाचा सण हनुक्का, ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. त्याआधीच आपले पूर्वज तो देश सोडून निघाले होते, मग त्या विजयाचा सण त्यांच्यासोबत येणार कसा, असा त्यांचा तर्क. तो सिद्ध करता येत नाही. या समाजाच्या आगमनाबद्दल अभ्यासकांनी एकमेकांपासून शेकडो वर्षं दूर असलेल्या तारखा मांडल्या आहेत. पण ज्यू सण आणि मुलांचे खेळ या विषयावर मराठीत पुस्तक करायचं, तर ही गोष्ट पहिल्याच पानावर सांगणं भाग आहे. इंग्रजी पुस्तकं भोवऱ्यापासून सुरू झाली तरी चालतं. मराठी पुस्तकाला वालाच्या बिरड्यापासून सुरुवात करावी लागते.

नवख्या वाचकासाठी आधी माणसांची ओळख. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची मुलं. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती मिळाली. ती दफनभूमी आजही दाखवतात. वाचलेले लोक आसपासच्या गावांत पसरले आणि गावांची नावं आडनावं होऊन बसली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, चेऊलकर, अष्टमकर, झिराडकर, केहिमकर. पोथ्या समुद्रात गेल्या आणि हिब्रू जिभेवरून उतरली. उरलं ते एवढंच : मुलग्यांची आठव्या दिवशी सुंता, शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. लग्न असो, मयत असो की सण, म्हणायला हीच.

खाण्याच्या नियमांवरून तर त्यांची ओळख पटली, असं सांगतात. डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. राहबीची खात्री तिथेच पटली. तो नेमका कोणत्या शतकातला यावर वाद आहे, आणि गोष्टीला त्याने काही बिघडत नाही. पापलेट चालतं, कोळंबी, खेकडा आणि मुशी चालत नाही, हे बाजारच्या टोपलीपाशी उभं राहून शिकणारं मूल धर्मशास्त्राचा पहिला धडा गिरवत असतं. या पुस्तकातला पहिला खेळ याच गोष्टीवर बेतला आहे, हे योग्यच झालं.

केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ पर्यंत लिहून काढला. तो छापला गेला मात्र चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात जुन्या सणांची जी नावं आहेत ती ऐकून कुठल्याही कोकणी माणसाला आपल्याच ओटीवर बसल्यासारखं वाटेल. तिश्री महिन्याच्या आरंभी वर्षाचा ‘नव्याचा सण’. त्याच महिन्यात नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करून, ऊद जाळून, शेमा म्हणून साजरा होणारा ‘खिरीचा सण’. दहाव्या दिवशी ‘दारफळणीचा सण’, म्हणजे योम किप्पूर. त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपास धरून घरात बसायचं आणि बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्यायेण्याचा. फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येणाऱ्या पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. पेसाहला, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाला, ‘अनाशी ढाकायचा सण’ : आंबट कालवणाचं जे भांडं वर्षभर वापरात असायचं, ते आठ दिवस झाकून ठेवायचं. आणि आब महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवशी, ‘बिरड्याचा सण’. त्याआधीचे दिवस मांस वर्ज्य, जेवण वालाच्या बिरड्याचं.

या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात ग्रंथ नाही, पण प्रत्येक सणाला करायचं काहीतरी काम आहे. दार लावायचं, भांडं झाकायचं, खीर ढवळायची, वाल सोलायचे. मंदिर कोणी पाडलं, किती सालात पाडलं, हे कदाचित कोणालाच सांगता आलं नसतं. पण श्रावणाच्या सुमारास वाल भिजत पडले की दुःखाचे दिवस आले, हे घरातल्या पोरालाही कळत होतं. वाल भिजवून, मोड आणून, सालं काढत बसायचं किचकट काम कोकणातल्या कुठल्या घरात मुलांच्या वाट्याला येत नाही? पोथ्या हरवलेल्या एका समाजाची आठवण शतकानुशतकं टिकली त्यात या लहान हातांचा वाटा मोठा होता, असं मानायला भरपूर जागा आहे. खेळ ही या परंपरेत नंतरची भर आहे. आधी होती ती कामं, आणि मुलांना त्यात लुडबुड करू देणारी स्वयंपाकघरं.

नव्याच्या सणाचा हलवा घ्या. गहू काही दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून चीक काढायचा, नारळाचं दूध आणि साखर घालून तो मोठ्या भांड्यात तासन्‌तास ढवळायचा. एका माणसाचे हात पुरत नाहीत, म्हणून घर जमतं, शेजार जमतो. शेवटी थाळ्यांत ओतल्यावर वर बदाम-पिस्ते पसरायचे असतात, आणि हे काम कोणाचं हे सांगायला नको. युरोपातल्या ज्यू मुलाला नव्या वर्षाला मधात बुडवलेली सफरचंदाची फोड मिळते. तीही छान, पण चिकाच्या हलव्यापुढे ती फारच सोपी वाटते.

पेसाहची तयारीही अशीच अंगमेहनतीची. घराला चुना लावायचा, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, खजुराचा गोड शिरा आटवायचा. बेने इस्राएलांची एक जुनी प्रथा तर मुलाच्या मनातून कधीच जाणार नाही अशी : कापलेल्या बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून कागदावर त्याचा ठसा उमटवायचा आणि तो कागद दारावर लावायचा. मिसरमधून सुटण्याच्या रात्री इस्राएलांनी दारांच्या चौकटींना कोकराचं रक्त लावलं होतं, त्याची ही खूण. पुस्तकात हा ठसा रंगात उमटवायला सांगितला आहे. शुद्धतावाद्यांना ते आवडणार नाही, आयांना आवडेल.

आणि मलिदा. पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती मांडलेली फळं. लग्नाआधी, नवस फेडताना, नवं घर घेतल्यावर बेने इस्राएल घरात मलिदा होतो आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, स्मरण होतं. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला जगभरचे ज्यू झाडांचं नवं वर्ष मानतात. कोकणात तोच दिवस एलियाहू हन्नाबीच्या उरुसाचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. तिथूनच तो आभाळात गेला म्हणतात. मुंबईहून माणसं बस करून तिथे जातात. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजाने या सणाला पोह्यांची आणि एलियाच्या रथाची जोड दिलेली नाही.

मग ग्रंथ आले, आणि त्यांच्यासोबत शिक्षक. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी मुंबईत आणि कोकणात प्रार्थना आणि विधी शिकवायला सुरुवात केली. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू धर्मांतराचा होता. झालं उलटंच : हिब्रू शिकलेली मुलं आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळली. पुढे बगदादी ज्यू व्यापारी आले. डेव्हिड ससून यांनी पुण्यात बांधलेलं ‘लाल देऊळ’ आजही शहराच्या ओळखीचा भाग आहे. मुंबईत १७९६ पासून शाआर हारहामीम हे सिनेगॉग होतंच, समाज त्याला ‘जुनी मशीद’ म्हणे. केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. आता सण घरात शिकवावे लागत नव्हते, शाळेत वेळापत्रक होतं. आधी कधी न ऐकलेला हनुक्काही त्या वेळापत्रकात बसला. लाकडी फळीवर डेव्हिडच्या ताऱ्याच्या आकारात कड्या बसवून, त्यांत पेले अडकवून, खोबरेल तेलाचे दिवे लावायची खास इथली पद्धत रूढ झाली. तेल्यांच्या घरी तेलाचा सण आला तो असा, वर्गखोलीच्या वाटेने.

याच काळात हग्गादाही मराठीत आली. पेसाहच्या रात्री जेवणाच्या ताटाभोवती बसून वाचायची ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेली आवृत्ती तर चित्रांसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात मात्झा, म्हणजे बिनखमिराची रोटी, करणाऱ्या बाया युरोपी झग्यांत नाहीत. त्या लुगडी नेसून, जमिनीवर बसून पीठ मळताहेत. मुलांना पुस्तकात आपली आई दिसणं ही बालसाहित्यातली साधी गोष्ट आज आपण चळवळ म्हणून मागतो. पुण्याच्या त्या छापखान्यात ती दीडशे वर्षांपूर्वी घडून गेली.

मुलांपर्यंत गोष्टी पोचवायची आणखी एक मराठी रीत या समाजाने उचलली, ती कीर्तनाची. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनं सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सगळं तेच, आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं.   भायखळ्या-उमरखाडीत त्याच चालींत लाल समुद्र दुभंगत होता. इतकं लवचीक साधन दुसरं सापडणं कठीण. मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात या कीर्तनांची नोंद जवळपास नाही, ही आपली उणीव आहे.

एवढं कोकणाचं. आता जगाचा नकाशा.

ज्यू परंपरेत मूल हे सणाचं शोभेचं पाहुणं नाही, निदान पेसाहच्या रात्री तरी नाही. त्या रात्रीची सगळी रचनाच मुलाने विचारावं आणि मोठ्यांनी सांगावं अशी आहे. घरातलं सगळ्यात धाकटं मूल चार प्रश्न विचारतं : आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, इथून सुरुवात. हग्गादेत चार प्रकारची मुलं येतात, शहाणं, वाकडं बोलणारं, भोळं आणि ज्याला विचारताच येत नाही असं. या चौथ्यासाठी बापाने आपणहून बोलायला सुरुवात करावी, असा संकेत आहे. पाळलेल्या शांततेपेक्षा प्रश्नाला जास्त मान देणारा विधी इतर धर्मांतही शोधला तर मिळेल, पण तो वर्षाच्या सगळ्यात मोठ्या जेवणाच्या मध्यभागी बसवलेला क्वचितच दिसेल.

आणि मुलांना झोप येते, हेही तालमुदकारांना माहीत होतं. रब्बी अकीवा त्या संध्याकाळी मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत, म्हणजे ती जागी राहतील आणि विचारतील, अशी नोंद आहे. त्या अक्रोडांचे पुढे खेळ झाले : गडगडत नेमावर मारायचे, रांगेतले जिंकायचे. कोकणातल्या वाचकाला यात नवं काही शिकवायला नको. पेसाह येतो तो काजूच्या मोसमात, आणि बियांच्या रांगेवर नेम धरणारी पोरं तेव्हा प्रत्येक वाडीत असतात. शिवाय मात्झाचा एक तुकडा, ‘अफिकोमान’, लपवून ठेवायचा असतो. तो सापडल्याशिवाय जेवण संपत नाही आणि शोधून देणाऱ्याला बक्षीस द्यावं लागतं. काही घरांत मोठे लपवतात आणि मुलं शोधतात, काही घरांत मुलंच पळवतात आणि सौदा करतात. बगदादी घरांत मात्झाचं गाठोडं मुलाच्या खांद्यावर देऊन ‘कुठून आलास, कुठे निघालास’ असा छोटा नाट्यप्रवेश होतो. इराणी आणि अफगाणी ज्यू घरांत त्या रात्री एका गाण्याच्या वेळी सगळे एकमेकांना पातीच्या कांद्याने झोडपतात. मिसरमधल्या मुकादमांच्या चाबकाची ती आठवण, आणि मुलांसाठी वर्षातली एकमेव रात्र जेव्हा आजोबांना मारलं तर कौतुक होतं.

पुरीमला गोंगाट. एस्तेरची गोष्ट वाचताना खलनायक हामानचं नाव आलं की मुलांनी कुरकुरी फिरवायच्या, पाय आपटायचे, नाव बुडवून टाकायचं. वेषांतर करायचं, शेजाऱ्यांना खाऊची ताटं पाठवायची. इराकी ज्यूंमध्ये त्या दिवशी पत्ते आणि जुगार क्षम्य, कारण हामानने ज्यूंच्या नाशाचा मुहूर्त चिठ्ठ्या टाकून काढला होता. एस्तेरच्या पुस्तकाचं पहिलंच वाक्य भारताचं नाव घेतं, राजाचं राज्य इथपासून सुरू होतं म्हणून. बेने इस्राएल घरात पुरीमला पुरणपोळी होते. २०२५ मध्ये पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी, १४ मार्चला आली. हा नुसता योगायोग नाही. ज्यू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे, एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घेणारं, त्यामुळे नव्याचा सणही घटस्थापनेच्या मागेपुढेच फिरतो.

भोवऱ्याची हकीगत सगळ्यांत मजेची. द्रेदेल या हनुक्काच्या भोवऱ्याच्या चार बाजूंवर नून, गिमेल, हे, शीन ही हिब्रू अक्षरं असतात आणि त्यांतून ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ असं वाक्य होतं. ग्रीक राजाने तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, वाचायला बंदी घातली, तेव्हा शिपाई आले की मुलं पोथ्या लपवून भोवरा फिरवायला घ्यायची, अशी सुरस कथा सोबत जोडलेली असते. अभ्यासकांच्या मते हा युरोपातला जुगाराचा भोवरा आहे. जर्मनीत त्यावर ‘काही नाही, सगळं, अर्धं, भर’ अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं असत, ज्यूंनी ती हिब्रूत लिहिली आणि चमत्काराचा अर्थ नंतर चढवला. खेळाचे नियम आजही तेच : काही नाही, सगळं, अर्धं, भर. म्हणजे जगातल्या सर्वांत ‘ज्यू’ खेळाचा जन्म ख्रिस्ती जुगाऱ्यांच्या टेबलावर झाला, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बिरडंही कोकणातून घेतलंच होतं. सणांच्या बाबतीत अस्सल काय आणि उसनं काय हा हिशेब मांडायला बसलेला माणूस शेवटी रिकाम्या ताटाशी उठतो.

विसाव्या शतकात या सगळ्यावर दोन मोठे संस्कार झाले. पॅलेस्टाइनमध्ये हिब्रू बालवाड्या सुरू झाल्या आणि नव्या भाषेत वाढणाऱ्या मुलांसाठी सणांची गाणी, नाटुकली, मिरवणुका मुद्दाम रचाव्या लागल्या. लेव्हिन किप्निससारख्या लेखकांनी त्यासाठी आयुष्य दिलं. आज ‘प्राचीन’ वाटणारी अनेक बालगीतं त्या शिक्षकांच्या वह्यांतून आली आहेत. दुसरीकडे अमेरिकेत नाताळच्या शेजारी हनुक्का फुगत गेला, भेटवस्तू आल्या, चॉकलेटची नाणी आली. दोन्ही लाटा मुंबईत पोचल्या : पहिली युवक संघटनांच्या शिबिरांतून, दुसरी नातेवाइकांच्या पार्सलांतून. तिकडे कोचीनच्या ज्यू बायकांच्या वह्यांमधली मल्याळम गाणी २००५ मध्ये संपादित होऊन छापली गेली. मराठीत तसं काम अजून व्हायचं आहे.

हे पुस्तक आत्ता हवं आहे, त्याचं एक कारण संख्येत आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज इस्राएलच्या स्थापनेनंतर मोठ्या प्रमाणात तिकडे गेला, आणि देशभरातले सगळे ज्यू मिळून आता काही हजारच उरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे, पुणे इथली सिनेगॉगं उभी आहेत. सुक्कोथला, म्हणजे मांडवांच्या सणाला, त्यांच्या आवारात झावळ्यांचे मांडव पडतात आणि त्यांना फळं टांगली जातात. सिमहाथ तोराच्या, म्हणजे तोराच्या आनंदोत्सवाच्या, रात्री मुंबईतली तरुण मुलं एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात नाचत जातात. २००८ चा दहशतवादी हल्ला झेललेलं मुंबईतलं ज्यू केंद्र नरिमन हाउस २०१४ मध्ये पुन्हा उघडलं, आणि हनुक्काला गेटवे ऑफ इंडियासमोर मोठा दीपवृक्ष लागतो. दिमोना, अश्दोद, लोद इथल्या घरांत मलिदा होतो आणि इस्राएलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघालं. पण तिथली नातवंडं हिब्रू बोलतात. आजी ‘बिरड्याचा सण’ म्हणते तेव्हा त्यांना तो ‘तिशा बेआव’ असल्याचं समजावून सांगावं लागतं, आणि इथल्या मराठी मुलांना तर दोन्ही नावं अनोळखी. आपल्या शालेय पुस्तकांत ज्यू येतात ते हिटलरच्या धड्यात. त्यांना कधी हलवा ढवळताना पाहिलेलं नसतं.

ती जागा हे पुस्तक भरू पाहतं. ते धर्मशास्त्र नाही आणि समाजाचा इतिहासही नाही. त्यासाठी केहिमकर आहेत, बेंजामिन इस्राएल आहेत, शाल्वा वाइल यांचं संशोधन आहे, आणि स्वयंपाकासाठी एस्थर डेव्हिड. ते सणांच्या क्रमाने जातं, आणि प्रत्येक सणात घरातलं काम, सांगायची गोष्ट आणि खेळायचा खेळ यांची सांगड घालतं. कोकणातली रीत आधी येते, मग बगदादची, इराणची, पोलंडची. कोणतीही एक रीत मूळ आणि बाकीच्या शाखा, अशी मांडणी केलेली नाही. काही वाचकांना ती गोंधळाची वाटेल. हलवा, मात्झा आणि पुरणपोळी एकाच पुस्तकात कशी, असा प्रश्न येईल. ती एकाच वर्षात, एकाच घरात होतात, हे उत्तर पुरेसं आहे.

संपादनातले काही निर्णय वादाचे होतील. सणांची नावं बेने इस्राएल उच्चाराप्रमाणे आहेत : शब्बाथ, सुक्कोथ, सिमहाथ तोरा. आधुनिक हिब्रूत ‘त’ असला तरी सिनेगॉगमधल्या आजोबांच्या तोंडी ‘थ’ आहे, आणि पुस्तक आजोबांच्या बाजूने आहे. जुनी मराठी नावं कंसात ढकललेली नाहीत, तीच शीर्षकं आहेत. रक्ताच्या ठशाची प्रथा सांगितली आहे, लपवलेली नाही. एस्तेरच्या गोष्टीचा शेवट रक्तरंजित आहे, तो मात्र सौम्य केला आहे, आणि तसं तिथेच स्पष्ट म्हटलं आहे. ही सावधगिरी थोडी जास्त झाली असं वाटतं. ज्या मुलांनी महाभारत ऐकलं आहे त्यांना हामानचा फास झेपला असता.

दारफळणीच्या प्रकरणात एकही खेळ नाही. त्या दिवशी लहान मुलांना उपास नसतो, पण त्यांनी काय करावं यासाठी काही सुचवायचा मोह संपादकांनी टाळला आहे. तिथे फक्त पांढरे कपडे, बंद दार, संध्याकाळी फुंकायचं शोफार हे शिंग, आणि उपास सोडायला काळ्या मनुकांचं सरबत कसं भिजत घालायचं, एवढंच आहे. भोवऱ्याचं प्रकरण सर्वांत मोठं आहे. चार अक्षरांचा नमुना कापून घ्यायला शेवटी जाड कागद जोडला आहे. ‘तिथे’च्या जागी इस्राएलमध्ये ‘इथे’ म्हणतात आणि शीनऐवजी पे लिहितात, म्हणून दोन्ही नमुने दिले आहेत. डावासाठी पैसे वापरू नयेत, चिंचोके वापरावेत. प्रत्येकी दहा पुरतात.